काउंटी क्रिकेटचा हंगाम: नव्याने पाहू लागणाऱ्यांसाठी

एप्रिल महिन्यात पुण्यात दुपारचे साडेतीन वाजतात, तेव्हा रस्त्यावर उन्हामुळे चिटपाखरूही नसते. त्याच वेळी इंग्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि दोन-दोन स्वेटर चढवलेले क्षेत्ररक्षक हातांवर फुंकर घालत स्लिपमध्ये उभे राहत असतात. पंच ‘प्ले’ म्हणतात आणि काउंटी चॅम्पियनशिपचा, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रदेशांच्या) संघांमधल्या स्पर्धेचा हंगाम सुरू होतो. तो सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो. मी हा हंगाम बरीच वर्षे पुण्यात बसून अनुभवते आहे, आणि एकदा प्रत्यक्ष जाऊनही पाहिला आहे. आपल्याकडे क्रिकेटचे वेड असलेली पुष्कळ माणसे कसोटी आणि आयपीएलच्या पलीकडे जात नाहीत. काहींना काउंटी क्रिकेटविषयी कुतूहल असते, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, कारण संघ अठरा, सामने शेकड्याने आणि नावे अपरिचित. त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातल्या पायऱ्या मी ज्या क्रमाने सांगितल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: रचना समजून घेणे

काउंटी चॅम्पियनशिप अधिकृतपणे १८९० साली सुरू झाली आणि त्या वर्षी सरे संघ विजेता ठरला. आज त्यात अठरा संघ आहेत. सर्वांत शेवटी आलेला संघ डरहॅम, तो १९९२ साली आला. ग्लॅमॉर्गन हा संघ इंग्लंडचा नसून वेल्सचा आहे. २००० सालापासून स्पर्धेच्या दोन श्रेणी झाल्या. सध्या पहिल्या श्रेणीत दहा आणि दुसऱ्या श्रेणीत आठ संघ असतात, प्रत्येक संघ चौदा सामने खेळतो आणि प्रत्येक सामना चार दिवसांचा असतो. वर्षाच्या शेवटी पहिल्या श्रेणीतले तळाचे दोन संघ खाली जातात आणि दुसऱ्या श्रेणीतले वरचे दोन संघ वर येतात.

नव्या माणसाला पहिली अडचण येते ती काउंटीच्या नावावरून गावाचा पत्ता लागत नाही म्हणून. वॉरविकशायर संघ बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर खेळतो, लँकशायर मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, यॉर्कशायर लीड्सच्या हेडिंग्लीवर, ससेक्स होव्ह या समुद्रकाठच्या गावी आणि सॉमरसेट टॉन्टनला. मिडलसेक्सचे तर असे की, प्रशासकीय काउंटी म्हणून ती १९६५ साली संपुष्टात आली, पण तिचा क्रिकेट संघ आजही लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर खेळतो. नकाशा समोर ठेवून ही अठरा नावे आणि त्यांची मैदाने एका बैठकीत वाचून काढावीत. पाठ करण्याची गरज नाही, ती आपोआप ओळखीची होतात.

दुसरी पायरी: एकच संघ निवडणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मी सुरुवातीला अठराही संघांचे धावफलक रोज पाहत असे, आणि परिणाम असा झाला की दोन महिन्यांनी मला कोणत्याच संघाविषयी काही सांगता येत नव्हते. काउंटी क्रिकेटची गोडी एका सामन्यात सापडत नाही. एकच सलामीवीर एप्रिलमध्ये तीनदा शून्यावर बाद होतो, मे महिन्यात त्याला वगळावे की नाही यावर चर्चा होते, जूनमध्ये तो शतक काढतो, आणि हे सगळे आपण पाहिलेले असते, म्हणून ते शतक आपले वाटते. त्यासाठी एका संघाला धरून राहावे लागते.

संघ कसा निवडावा? मराठी माणसाला काही वाटा आधीपासून तयार आहेत. यॉर्कशायर संघ पिढ्यान्‌पिढ्या फक्त त्या काउंटीत जन्मलेल्या खेळाडूंना घेत असे. त्या संघाने १९९२ साली पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्या हंगामात त्याने एक हजाराहून अधिक धावा केल्या. श्रीरामपूरच्या झहीर खानने २००६ साली वूस्टरशायरकडून ७८ बळी घेतले आणि भारतीय संघातले गमावलेले स्थान परत मिळवले. त्याची दुसरी कारकीर्द त्या एका उन्हाळ्यात घडली, असे मी मानते. मुंबईचे फारूख इंजिनियर १९६८ पासून १९७६ पर्यंत लँकशायरचे यष्टिरक्षक होते, आणि मराठी घरात वाढलेला राहुल द्रविड २००० साली केंटकडून खेळला. अजिंक्य रहाणेने २०१९ साली हॅम्पशायरकडून पहिल्याच सामन्यात शतक काढले आणि पुढे तो लेस्टरशायरकडूनही खेळला.

माझी स्वतःची वाट वडिलांमुळे ठरली. १९८० साली व्हिव रिचर्ड्स वेस्ट इंडिज संघाबरोबर दौऱ्यावर होते, म्हणून त्यांच्या जागी सुनील गावसकर सॉमरसेटकडून एक हंगाम खेळले. वडील त्या हंगामाच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांतून शोधून वाचत असत. ‘सॉमरसेट’ हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले आणि पुढे तोच संघ माझा झाला.

मात्र केवळ परदेशी खेळाडू पाहून संघ निवडू नये, अशी माझी सूचना आहे. चॅम्पियनशिपच्या सामन्यात एका संघाला दोनच परदेशी खेळाडू खेळवता येतात, आणि आजकाल ते बहुधा काही आठवड्यांसाठी येतात आणि जातात. असा खेळाडू गेल्यावर तुमचा संघाशी संबंध उरत नाही. नाव परदेशी खेळाडूमुळे कळले तरी चालेल, पण जीव लावायचा तो वर्षानुवर्षे तिथे राहणाऱ्या खेळाडूंना. तुमचे नातेवाईक इंग्लंडमध्ये राहत असतील तर त्यांच्या गावाजवळची काउंटी निवडणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण कधीतरी त्या मैदानावर जाणे होतेच.

तिसरी पायरी: गुणतक्ता वाचायला शिकणे

इथे थोडे सावकाश जाऊ या. आपल्या रणजी करंडकाची सवय असलेल्या माणसाची इथे हमखास चूक होते. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला तीन गुण आणि दुसऱ्याला एक गुण मिळतो, त्यामुळे आपण नकळत पहिल्या डावातल्या आघाडीवर डोळा ठेवतो. काउंटी चॅम्पियनशिपमध्ये त्या आघाडीला स्वतंत्र किंमतच नाही. विजयाला सोळा गुण, अनिर्णित सामन्याला प्रत्येकी आठ गुण, आणि त्याशिवाय बोनस गुण अशी पद्धत आहे. अनिर्णित सामन्याचे गुण २०२३ साली पाचवर आणले होते आणि २०२४ साली पुन्हा आठ केले. असे बदल होत असतात, म्हणून नवा हंगाम सुरू होताना नियम एकदा तपासून घ्यावेत.

बोनस गुण फक्त पहिल्या डावात, आणि तेही पहिल्या ११० षटकांतच मिळतात. फलंदाजी करणाऱ्या संघाला २५० धावा झाल्या की एक गुण मिळतो, आणि पुढे ३००, ३५०, ४०० व ४५० या प्रत्येक टप्प्यावर एकेक गुण वाढत पाचपर्यंत जातो. गोलंदाजी करणाऱ्या संघाला तीन, सहा आणि नऊ गडी बाद केल्यावर एकेक, म्हणजे जास्तीत जास्त तीन गुण मिळतात. सगळे साधले तर एका सामन्यातून चोवीस गुण मिळतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिला संघ १०२ षटकांत ३२० धावांत सर्वबाद झाला. त्याला फलंदाजीचे दोन आणि प्रतिस्पर्ध्याला गोलंदाजीचे तीन गुण मिळाले. दुसऱ्या संघाने सावकाश खेळून १२५ षटकांत ४१० धावा केल्या, पण ११० षटके संपली तेव्हा त्याच्या ६ बाद ३४५ धावाच झाल्या होत्या. म्हणून त्यालाही फलंदाजीचे दोनच गुण, आणि पहिल्या संघाला सहा बळींचे दोन गुण. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या संघाचे बारा आणि दुसऱ्याचे तेरा गुण होतात. नव्वद धावांच्या आघाडीतून दुसऱ्या संघाला काहीच मिळालेले नाही. जो एक गुण जास्त आहे, तो त्याने प्रतिस्पर्ध्याचे सर्व गडी बाद केले त्याचा. हे एकदा लक्षात आले की शंभराव्या षटकानंतरचा खेळ वेगळाच दिसू लागतो. तळाचे फलंदाज एकाएकी जोरात फटके का मारू लागले, कर्णधाराने आठव्या गड्यानंतर क्षेत्ररक्षक जवळ का बोलावले, ही कोडी आपोआप सुटतात.

हे गुण किती निर्णायक ठरू शकतात ते मी २०१० सालच्या सप्टेंबरात पाहिले. शेवटच्या दिवशी सॉमरसेटचा सामना डरहॅमविरुद्ध अनिर्णित राहिला. तिकडे ओल्ड ट्रॅफर्डवर पावसाने बरेच दिवस खाल्लेल्या सामन्यात नॉटिंगहॅमशायरला विजेतेपदासाठी ४०० धावा आणि लँकशायरचे तीन बळी एवढे बोनस गुण पुरेसे होते. त्यांनी ४०० होताच डाव घोषित केला आणि पाच षटकांच्या आत तीन गडी बाद केले. दोन्ही संघांचे २१४ गुण झाले. नॉटिंगहॅमशायरने सात सामने जिंकले होते आणि सॉमरसेटने सहा, म्हणून विजेतेपद नॉटिंगहॅमशायरला गेले. त्या वेळी माझ्यासमोर चित्र नव्हते आणि आवाजही नव्हता, संगणकाच्या पडद्यावर फक्त आकडे बदलत होते. तिसरा बळी पडल्याचा आकडा दिसला त्या क्षणी मला जे वाटले, त्यानंतर हा खेळ सोडणे शक्य नव्हते.

एक बारीक बाब राहिली. षटके वेळेत टाकली नाहीत तर कमी पडलेल्या प्रत्येक षटकामागे एक गुण कापला जातो. गुणतक्त्यात एखाद्या संघाची बेरीज जुळत नसेल तर कारण बहुधा तेच असते.

चौथी पायरी: महिन्यांचा स्वभाव ओळखणे

एप्रिल आणि मे महिन्यांत जमीन ओलसर, आकाश ढगाळ आणि गवत ताजे असते. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू हाताने शिवलेला असतो, त्याची शिवण उठावदार असते आणि त्याची चकाकी बराच वेळ टिकते. अशा हवेत ताशी सव्वाशे किलोमीटर वेगाचा, टप्प्यावर मारा करणारा गोलंदाजही मोठमोठ्या फलंदाजांना अडचणीत आणतो. मुंबईत पावसाळ्यात होणारी कांगा लीग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच उमगेल. १९४८ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावांना जी किंमत असते, ती एप्रिलमधल्या काउंटी सामन्यातल्या चाळीस धावांनाही द्यावी. या काळात आकड्यांवरून फलंदाजाविषयी मत बनवू नये.

चेंडूचा परिणाम किती असतो हे पाहायचे असेल तर २०२३ ते २०२५ या हंगामांकडे पाहावे. गोलंदाजांना परदेशांतल्या परिस्थितीची सवय व्हावी म्हणून त्या वर्षांत काही फेऱ्या कुकाबुरा चेंडूने खेळवल्या गेल्या. त्याची शिवण लवकर सपाट होते. २०२५ च्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीत लंडनच्या ओव्हल मैदानावर सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० धावांवर डाव घोषित केला आणि डॉम सिबलीने ३०५ धावा केल्या. ड्यूक्स चेंडूच्या चाहत्यांनी त्या सामन्यावर बरीच टीका केली. मलाही त्यात चार दिवस पाहण्याजोगे फारसे काही दिसले नाही.

उन्हाळ्याच्या मध्यावर ट्वेन्टी-२० ब्लास्ट ही काउंट्यांची वीस षटकांची स्पर्धा येते. ट्वेन्टी-२० हा प्रकार व्यावसायिक पातळीवर याच काउंट्यांनी २००३ साली सुरू केला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ऑगस्टमध्ये ‘द हंड्रेड’ ही शंभर चेंडूंच्या डावांची स्पर्धा चालते. ती काउंट्यांची स्पर्धा नाही, आठ शहरी संघांची आहे आणि काउंट्यांचे नावाजलेले खेळाडू तिकडे जातात. त्याच वेळी काउंट्यांची एकदिवसीय स्पर्धा भरते आणि तीत एकोणीस-वीस वर्षांची मुले खेळतात. ती मला आवडते, कारण पुढच्या पाच वर्षांचा संघ तिथे दिसतो. आपल्या पृथ्वी शॉने २०२३ साली नॉर्दम्प्टनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध २४४ धावा केल्या, त्या याच स्पर्धेत. सॉमरसेटची चाहती असूनही ती खेळी मी शेवटपर्यंत पाहिली.

सप्टेंबरविषयी पुढे स्वतंत्र लिहिते, कारण तो महिना वेगळा आहे.

पाचवी पायरी: भारतात बसून रोज कसे पाहावे

आज जवळजवळ प्रत्येक काउंटी आपल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर विनामूल्य दाखवते. त्यावर बहुधा बीबीसीच्या स्थानिक नभोवाणीचे समालोचन असते. हे समालोचक त्या गावाचे असतात, एकाच संघाबरोबर वर्षभर फिरतात आणि सातव्या क्रमांकावर खेळणारा मुलगा कोणत्या क्लबमधून आला, त्याचा मोठा भाऊ कुठे खेळतो, हे सगळे त्यांना ठाऊक असते. खेळ संथ असताना ते जे बोलतात, त्यातून मी त्या प्रदेशाविषयी इतके शिकले की टॉन्टनला गेले तेव्हा गाव अनोळखी वाटले नाही.

वेळा अशा: खेळ आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होतो, उपाहार साडेपाचला, चहापान आठ वाजून दहा मिनिटांनी, आणि दिवस साधारण साडेदहाला संपतो. सप्टेंबरात दिवस लहान होत जातो, म्हणून खेळ अर्धा तास आधी सुरू होतो. नोकरी करणाऱ्याला पहिले सत्र बघता येत नाही, दुसरे सत्र घरी परतताना कानावर पडते आणि तिसरे जेवणानंतर निवांत पाहता येते. यापेक्षा सोयीची वेळ परदेशी क्रिकेटमध्ये सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी ठरवून घ्यावी. सात तास पडद्याकडे टक लावून बसण्यासाठी हा खेळ नाही. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मुलांच्या वह्या तपासताना तो बाजूला चालू ठेवावा. आवाज बदलला की मान वर करावी. पहिल्या काही दिवसांत काहीच घडत नाही असे वाटेल, पण साधारण तिसऱ्या सामन्यानंतर कान तयार होतो आणि चेंडू बॅटच्या मध्यावर बसला की कडेला लागला, हे न पाहता कळू लागते.

त्याबरोबर एक वही ठेवावी. मी प्रत्येक सामन्याला एक पान देते. त्यात पूर्ण धावफलक उतरवत नाही, तो कुठेही मिळतो. खेळपट्टी कशी होती, कोणत्या भागीदारीने सामना फिरला आणि कोणत्या नव्या मुलाचे नाव ध्यानात ठेवायचे, एवढ्या तीनच गोष्टी लिहिते. भागीदारी पाहण्याची सवय तर जरूर लावावी, कारण काउंटीचा धावफलक वैयक्तिक धावांपेक्षा भागीदाऱ्यांतून जास्त बोलतो. मे २०२१ मध्ये कँटरबरीला ग्लॅमॉर्गनविरुद्ध केंटची अवस्था बिकट झाली होती, तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या डॅरन स्टीव्हन्सने १९० धावा केल्या. नवव्या गड्यासाठी १६६ धावांची भागीदारी झाली आणि तीत त्याचा जोडीदार मिगेल कमिन्सचा वाटा होता एक धाव. त्या दिवशीचे माझ्या वहीतले पान आकड्यांनी भरलेले आहे आणि खाली फक्त ‘पंचेचाळीस!’ असे लिहिले आहे.

सहावी पायरी: मैदानावर जाणे

ही पायरी प्रत्येकाला साधेल असे नाही. पण इंग्लंडमध्ये जाण्याचा योग आला, मुलगा किंवा मुलगी तिथे शिकत असेल, तर एक दिवस राखून ठेवावा. कसोटी सामन्याचे तिकीट महाग असते आणि महिनोन्‌महिने आधी काढावे लागते. चॅम्पियनशिपच्या दिवसाचे तिकीट त्या मानाने फार स्वस्त असते, आणि बहुतेक मैदानांवर ऐन वेळी दारात गेले तरी जागा मिळते.

कपड्यांविषयी सांगते ते गांभीर्याने घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या माणसाला जी थंडी सहज सोसते असे वाटते, ती सावलीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सहा तास बसल्यावर हाडांत शिरते. एकावर एक असे तीन थर, कानटोपी, पावसाचे जाकीट आणि खाली घालायला जाडसर उशी किंवा घोंगडी न्यावी. डबा बरोबर नेता येतो. मी टॉन्टनला थालीपीठ आणि लोणचे नेले होते, आणि शेजारी बसलेल्या वृद्ध दांपत्याने त्यातला तुकडा चवीने खाऊन मला त्यांच्या घरचा फळांचा केक दिला. गोलंदाजाच्या पाठीमागे, साइटस्क्रीनच्या वर बसणार असाल तर षटक संपेपर्यंत जागेवरून उठू नये. तिथले लोक बाकी सगळे चालवून घेतात, एवढे मात्र चालवून घेत नाहीत.

पुष्कळ मैदानांवर उपाहाराच्या वेळी प्रेक्षकांना मैदानात उतरू देतात. दोरांनी वेढलेल्या मधल्या चौकापर्यंत चालत जाता येते, खेळपट्टी जवळून पाहता येते आणि सीमारेषेजवळ लहान मुले चेंडूफळी खेळत असतात. सकाळपासून जिथे चेंडू उसळत होता ती जागा डोळ्यांनी पाहण्याचा हा अनुभव चुकवू नये.

कोणती मैदाने? वूस्टरचे न्यू रोड सर्वांत देखणे, असे पुष्कळ जण म्हणतात. सेव्हर्न नदीपलीकडे प्राचीन कॅथेड्रल उभे आहे, आणि हिवाळ्यात तीच नदी मैदान पाण्याखाली घालते. कँटरबरीला सीमारेषेच्या आत लिंबाच्या जातीचे नव्हे, तर लाइम नावाचे मोठे झाड होते. २००५ च्या जानेवारीत ते वाऱ्याने पडले आणि त्याच्या जागी नवे लावले आहे. यॉर्कशायर संघ उन्हाळ्यात काही दिवस स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी खेळतो आणि ग्लॉस्टरशायर संघ चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर. दोन्ही ठिकाणचे क्रिकेट महोत्सव दीडशे वर्षांच्या घरातले आहेत. तेव्हा गर्दी जास्त असते, पण निवड करायची झाली तर मी त्या दोहोंपैकी एकच सुचवीन. लॉर्ड्सवर कसोटीसाठी सगळे जातात, तिथला उतार मात्र मिडलसेक्सच्या रिकाम्या दिवशी नीट दिसतो. मैदानाच्या एका बाजूपासून दुसरीकडे सुमारे अडीच मीटरचा फरक आहे आणि मोकळ्या स्टँडमध्ये हव्या त्या कोनातून तो न्याहाळता येतो. लंडनच्या मराठी मंडळींना तर हे मैदान हाताशी आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल भागात आहे आणि तिथल्या स्थानकावरून ज्युबिली मार्गाची गाडी थेट लॉर्ड्सच्या सेंट जॉन्स वुड स्थानकावर जाते. मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमाआधी दोन सत्रे सहज पाहून होतात.

सातवी पायरी: सप्टेंबर

सप्टेंबरात खेळपट्ट्या सुकलेल्या असतात, सकाळी दव असते आणि फिरकी गोलंदाज, ज्यांना एप्रिलमध्ये जेमतेम चार षटके मिळत होती, ते एका टोकाने दिवसभर गोलंदाजी करतात. २०२४ साली टॉन्टनला सॉमरसेटने सरेला हरवले तेव्हा शेवटच्या दिवसाची काही मिनिटेच उरली होती आणि जॅक लीच व अठरा वर्षांचा आर्ची वॉन हे दोन फिरकी गोलंदाज मारा करत असताना सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाला वेढून उभे होते. विजेतेपद अखेर सरेकडेच गेले. तरीही तो दिवस माझ्या वहीत दोन पाने व्यापतो.

या महिन्यात आपल्या संघाचा एकच सामना पाहून भागत नाही. वर जाणारे, खाली जाणारे आणि विजेतेपदासाठी झगडणारे संघ एकाच वेळी वेगवेगळ्या गावी खेळत असतात, म्हणून दोन-तीन धावफलक एकदम उघडे ठेवावेत आणि गुणांची बेरीज हाताशी असावी. तिसऱ्या पायरीवर घेतलेले कष्ट इथे कामी येतात.

याचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे २३ सप्टेंबर २०१६. सॉमरसेटने आपला शेवटचा सामना आदल्या दिवशीच जिंकला होता. लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांचा सामना अनिर्णित राहिला असता तर सॉमरसेट आपल्या इतिहासात पहिल्यांदा विजेता झाला असता. पण तिथल्या दोन्ही संघांना विजयच हवा होता, अनिर्णित निकालाचा उपयोग कोणालाच नव्हता. म्हणून दोन्ही कर्णधारांत बोलणे झाले, यॉर्कशायरने सोपे चेंडू टाकून मिडलसेक्सला झटपट धावा करू दिल्या, डाव घोषित झाला आणि यॉर्कशायरपुढे ४० षटकांत २४० धावांचे आव्हान उभे राहिले. ते नियमांत बसते, आणि पूर्वीपासून होत आले आहे. मिडलसेक्सच्या टोबी रोलँड-जोन्सने हॅट्‌ट्रिक साधून सामना संपवला, मिडलसेक्स ६१ धावांनी जिंकला आणि १९९३ नंतर पहिल्यांदा विजेता झाला. त्या संध्याकाळी सॉमरसेटचे लोक टॉन्टनला टीव्हीसमोर बसून होते, मी पुण्यात फोन हातात धरून बसले होते. सॉमरसेटने चॅम्पियनशिप अजून एकदाही जिंकलेली नाही. ग्लॉस्टरशायर आणि नॉर्दम्प्टनशायर या दोन संघांचीही तीच गोष्ट आहे. नवा संघ शोधत असाल तर या तिघांपैकी एखादा घ्या, असे मी मनापासून सुचवते. ज्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी जिंकेल, त्या दिवशी वाट पाहणाऱ्यांत तुम्हीही असाल.

हंगामानंतर

शेवटचा सामना संपला की दोन कामे उरतात. संघातून कोण निवृत्त झाले, कोणाचा करार संपला आणि कोण दुसऱ्या काउंटीत गेले, याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे एप्रिलमध्ये गोंधळ होत नाही. पुढच्या वर्षाचे वेळापत्रक हिवाळ्यात जाहीर होते. ते आले की आपल्या संघाचे चौदा सामने घरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलने मांडावेत, सण आणि लग्नाच्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहाव्यात, आणि एप्रिलमधल्या पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता दुसरे कोणतेही काम ठेवू नये.